जुनीं पॅकेजें, नवें यंत्र

पावसाळ्यांत संगमेश्वरच्या बाजारपेठेंत पाणी चढतें, तेव्हां तें सारें बाजारांतच पडलें असें कोणी म्हणत नाहीं. शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावर वसलेल्या या गांवाला ठाऊक असतें कीं, पाऊस वर सह्याद्रींत झाला आहे. संगणकावर संकेतस्थळ रचणारांनींहि हें ध्यानांत ठेवावें. बिघाड आपल्या दारांत दिसतो. मूळ पुष्कळदां फार वर असतें.

श्रोतेहो, समजा, अशा गांवांतील एखादी विद्यार्थिनी आपल्या घरच्या न्याहारी-निवासाचें संकेतस्थळ घरच्याच संगणकावर तयार करते. त्यांतील प्रत्येक ओळ तिनें लिहिलेली नसते. तारखा मांडणें, चित्रें लहान करणें हीं कामें इतरांनीं पूर्वींच लिहून ठेवलेलीं असतात. अशा तयार जुळणीला पॅकेज म्हणतात. जावास्क्रिप्ट भाषेंत काम करणारे तीं बहुधा एनपीएम नांवाच्या भांडारांतून आणतात. पुष्कळ पॅकेजें दुसऱ्या कांहींवर विसंबतात, तीं आणखी कांहींवर. आपण दहा मागवावींत आणि शेंकडों उतरावींत, हें नित्याचेंच आहे.

ही सांखळी किती नाजूक असते, तें मार्च २०१६ मध्यें दिसून आलें. लेफ्ट-पॅड हें अवघ्या ११ ओळींचें पॅकेज. शब्दाच्या डाव्या बाजूस ठराविक लांबीपर्यंत भर घालणें एवढेंच त्याचें काम. एका नांवाच्या वादावरून कर्त्यानें तें भांडारांतून काढून घेतलें, आणि ज्यांना त्याचें नांवहि माहीत नव्हतें अशांचीं कामें जगभर अडलीं. कांहीं तासांतच तें परत ठेवावें लागलें.

याच्या उलटहि घडतें. ऑक्टोबर २०२१ मध्यें नोड या आधारभूत प्रणालीची १७ वी आवृत्ति आली. तिच्यांत ओपनएसएसएल या गूढलेखनाच्या साधनाची नवी पिढी होती. वेबपॅकची चौथी पिढी एमडी-फोर ही जुनी गणनपद्धति वापरी. नवें साधन ती आपण होऊन पुरवीत नव्हतें. त्यामुळें एक अक्षरहि न बदललेलीं कामें नव्या यंत्रावर चालेनाशीं झालीं.

मग करावें काय? आधीं जुनें चालतें करावें, नंतर नवें आणावें. पुष्कळजण घाईनें सर्वच पॅकेजें एकदम बदलतात. मग वीस बदलांपैकीं नडला कोणता, हें कळत नाहीं. प्रथम सर्व कामाची प्रत ठेवावी. काम पूर्वीं नोडच्या कोणत्या आवृत्तीवर चाले तें शोधून ती आवृत्ति बसवावी. एनव्हीएम या साधनानें अनेक आवृत्त्या शेजारीं शेजारीं ठेवतां येतात. पॅकेज-लॉक नांवाच्या फाइलींत प्रत्येक पॅकेजाची नेमकी आवृत्ति नोंदलेली असते. ही फाइल कधींहि उतावीळपणें पुसूं नये. 'एनपीएम सीआय' ही आज्ञा दिली कीं त्या नोंदीबरहुकूम सारें पुन्हां बसतें.

काम चालूं लागलें कीं 'एनपीएम आउटडेटेड' म्हणावें. सध्यांची आवृत्ति, मुभेंत बसणारी आवृत्ति आणि अगदीं नवी आवृत्ति, असा तक्ता समोर येतो. आवृत्तीचे आंकडे तीन असतात. रिवाज असा कीं, तिसरा बदलला तर दुरुस्ती, दुसरा बदलला तर नवी सोय, आणि पहिला बदलला तर जुन्या वापरांत मोडतोड संभवते. म्हणून पहिला आंकडा बदलत असेल तेथें कर्त्याचें बदलपत्रक वाचूनच पाऊल टाकावें. अनोळखी पॅकेज कोणामार्फत आलें, तें 'एनपीएम एलएस' आणि त्यापुढें त्याचें नांव लिहिल्यास कळतें. एक पॅकेज बदलावें, काम तपासावें, नोंद करावी, मग दुसरें. त्रुटींची लांब यादी आली, तर बहुधा सर्वांत पहिली त्रुटि खरी असते. बाकीच्या तिच्या पाठोपाठ आलेल्या असतात.

चाललें आहे तसें चालूं द्यावें, असें कोणी म्हणेल. पण जुन्या पॅकेजांतील सुरक्षेचीं भोंकें कालांतरानें जाहीर होतात आणि तीं चोरांनाहि ठाऊक होतात. ज्या संकेतस्थळावर पाहुण्यांचीं नांवें नि दूरध्वनि क्रमांक नोंदले जातात, तेथें ही हेळसांड परक्यांच्या विश्वासावर बेतते. मे महिन्याची गर्दी दारांत उभी असतांना हें काम हातीं घेऊं नये. पावसाळ्याच्या निवांत दिवसांत, दर महिन्यास थोडें थोडें, उरकीत जावें.