कामाम्बेर चीज आणि नॉर्मंडीचा दुग्धप्रदेश

फ्रान्सच्या वायव्येस, इंग्लिश खाडीला लागून नॉर्मंडी हा प्रदेश आहे. हवा दमट, हिवाळा सौम्य व पाऊस वर्षभर थोडाथोडा पडणारा. त्यामुळे गवताची वाण सहसा पडत नाही. शेतांना झाडाझुडपांची जिवंत कुंपणे असून सफरचंदाच्या बागांतही गाई चरतात. येथील नॉर्मंड जातीच्या गाईच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने भरपूर असल्याने ते चीज करण्यास विशेष उपयुक्त ठरते. कामाम्बेर हे मऊ चीज याच भूमीतील होय. कामाम्बेर गावी मारी आरेल या शेतकरी स्त्रीने ते १७९१ च्या सुमारास प्रथम केले, असे परंपरा सांगते. तथापि त्या गावच्या चीजचा उल्लेख त्यापूर्वीही आढळतो.

अडीचशे ग्रॅमच्या एका चकतीस सुमारे सव्वादोन लिटर दूध लागते. दूध उकळीत नाहीत. कोमट करून त्यात विरजण व वासराच्या जठरापासून काढलेले रेनेट घालतात. दूध थिजल्यावर ते पळीने साच्यात ओततात, तेही एकदम नव्हे, तर मध्ये अवधी ठेवून किमान पाच वेळा. चक्क्याप्रमाणे ते फडक्यात बांधून टांगीत नाहीत किंवा दाबीतही नाहीत. निवळी आपोआप गळते. पुढे मीठ लावून चकत्या थंड जागी ठेवतात. त्यांवर पांढरी बुरशी येते. ही नासाडी नव्हे. हीच बुरशी तीन आठवड्यांत चीज बाहेरून आत पिकविते. १८९० मध्ये पातळ लाकडी डबी निघाली आणि हा नाजूक माल दूरवर जाऊ लागला.

‘कामाम्बेर द नॉर्मंडी’ या नावास १९८३ पासून कायद्याचे संरक्षण आहे. दूध कच्चे असावे, किमान निम्म्या गाई नॉर्मंड जातीच्या असाव्यात व त्या वर्षातून सहा महिने तरी चराव्यात, असे नियम आहेत. कच्च्या दुधामुळे गोठ्याची स्वच्छता काटेकोर पाळावी लागते. गर्भवती स्त्रियांनी हे चीज खाऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे.

आता अडचण बुरशीचीच उद्भवली आहे. विसाव्या शतकात शुभ्र रंगासाठी एकच वाण निवडून तोच पुनःपुन्हा वाढविण्यात आला. त्याची बीजाणू धरण्याची शक्ती क्षीण झाली असल्याचे फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०२४ मध्ये निदर्शनास आणले. दुसरे वाण घेतल्यास सालीवर करडी वा हिरवट छटा येईल; ती गिऱ्हाइकास रुचेल काय, याची उत्पादकांस चिंता आहे.