नेत्रबिंदू परीक्षा, मधुमेहातील

मधुमेहामुळे स्वायत्त तंत्रिका तंत्राला (हृदय, आतडी, मूत्राशय इत्यादींच्या अनैच्छिक क्रियांचे नियंत्रण करणाऱ्या मज्जातंतूंच्या यंत्रणेला) झालेली इजा डोळ्यात सौम्य औषधाचे थेंब घालून ओळखण्याची पद्धत. ही इजा दीर्घकाळ लक्षणविरहित असू शकते. पुढे मात्र उभे राहताच रक्तदाब घटून घेरी येणे, हृदयविकाराचा झटका वेदनेशिवाय येणे, रक्तातील साखर घटल्याची पूर्वसूचना न मिळणे असे धोके संभवतात.

बाहुली हे परितारिकेच्या (डोळ्यातील रंगीत पडद्याच्या) मध्यभागी असलेले छिद्र होय. परितारिकेतील वर्तुळाकार स्नायू परानुकंपी तंत्रिकांच्या प्रेरणेने आकुंचन पावला की बाहुली लहान होते. अरीय स्नायू अनुकंपी तंत्रिकांच्या प्रेरणेने आकुंचन पावला की ती मोठी होते. स्वायत्त तंत्राच्या दोन्ही विभागांचे कार्य अशा रीतीने येथे बाहेरून पाहता व मोजता येते.

तंत्रिकांचा पुरवठा तुटलेला स्नायू त्या तंत्रिकांतून स्रवणाऱ्या रासायनिक द्रव्याला अतिसंवेदनशील बनतो. हा नियम अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन यांनी १९३९ मध्ये मांडला. काचबिंदूवर १ ते ४ टक्के तीव्रतेचे पायलोकार्पिन वापरीत आले आहेत. तेच ०.०६२५ ते ०.१२५ टक्के इतके सौम्य केल्यास निरोगी बाहुलीवर त्याचा परिणाम जेमतेम दिसतो. परानुकंपी तंतू निकामी झाले असल्यास मात्र ती स्पष्टपणे आकसते. अनुकंपी तंतूंच्या इजेत सौम्य फेनिलएफ्रिनाने बाहुली अपेक्षेहून अधिक विस्फारते. मधुमेहात हे तंतू बहुधा आधी बाधित होतात; म्हणून अशा रुग्णांची बाहुली अंधारातही पुरेशी मोठी होत नाही. थेंब घालण्यापूर्वी व नंतर ठराविक वेळाने, एकाच प्रकाशात, बाहुलीचा व्यास मोजतात.

निष्कर्ष काढताना सावधगिरी आवश्यक असते. मधुमेहात स्वच्छमंडलाचा (बुबुळावरील पारदर्शक आवरणाचा) बाह्य थर दुबळा झाल्यास औषध अधिक प्रमाणात आत शिरते व अतिसंवेदनशीलतेचा आभास होतो. उलट गडद परितारिकेतील रंगद्रव्य औषध धरून ठेवते. वार्धक्यात बाहुली मुळातच लहान होते. शिवाय इजा सामान्यतः दोन्ही डोळ्यांत असल्याने दुसरा डोळा तुलनेस उपयोगी पडत नाही. समवयस्क निरोगी व्यक्तींशीच तुलना करावी लागते. त्यामुळे ही परीक्षा पूरक मानली जाते. खोल श्वसन करताना व उभे राहताना हृदयाच्या ठोक्यांत आणि रक्तदाबात होणारे बदल मोजणे, हीच निदानाची प्रमाणभूत पद्धत होय.