पत्रा तापतो, पत्र्यात करंटही उतरतो

थंडीत पहाटे एका हातानं लोखंडी बादलीची कडी धरा, दुसऱ्या हातानं लाकडी पाट. दोन्ही वस्तू रात्रभर एकाच अंगणात होत्या, म्हणजे सारख्याच गार झालेल्या. तरी कडी जास्त गार लागते. कारण लोखंड हाताची ऊब झपाट्यानं ओढून घेतं, लाकूड घेत नाही.

यालाच उष्णतेचं वहन म्हणतात. लोखंडाच्या सुमारे तिप्पट उष्णता ॲल्युमिनियम वाहून नेतं, तांबं पाचपट. स्टील मात्र बरंच मागं. म्हणून स्टीलच्या पातेल्यात आचेच्या जागीच दूध करपतं. बुडाला तांबं असलं की आच सगळीकडं पसरते.

आता महत्त्वाचं ऐका. धातूत इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण मोकळे फिरत असतात. तेच उष्णता नेतात आणि तेच वीज नेतात. म्हणून जो धातू चटका देतो, तोच शॉकही देतो.

आपली जुनी माळवदाची घरं उन्हाळ्यात गार असायची. मातीचा जाड थर ऊन खाली येऊ देत नव्हता. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि जड माळवदं कोसळली, हजारो माणसं गेली. जड छताची धास्ती बसली. त्या दृष्टीनं हलका पत्रा बरा. पण त्याच पत्र्याच्या कडेला विजेची वायर घासत राहिली, तर वरचं प्लास्टिक झिजतं. आतली तार पत्र्याला टेकली की पत्र्यात करंट उतरतो. पत्र्याच्या खांबाला बांधलेल्या तारेवर ओले कपडे टाकायला आपणच जातो.

दोरी, लाकूड कोरडं असेल तरच वीज अडवतं. ओलं झालं की भरवसा नाही. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज सहज जाते.

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत हे सांगतो. कपड्यांसाठी लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधा, तीही पत्र्यापासून लांब. वायर पत्र्याला लागत असेल तर हात न लावता वायरमनला बोलवा, अर्थिंगही तपासून घ्या. कुणी चिकटलं तर हात धरून ओढू नका, सोडवायला धावलेलं माणूसही जातं. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या पाटावर उभं राहून कोरड्या काठीनं सोडवा.

आज कपडे वाळत घालायच्या आधी एकदा वर बघा, वायर कुठं टेकलीय का.