सड्यावरची डबकी

कोकणातले जांभ्याचे सडे मे महिन्यात तव्यासारखे तापतात. जूनमध्ये त्यांवरच्या उथळ खळग्यांत पाणी साचते आणि थोड्याच दिवसांत तिथे परी-कोळंबी पोहू लागते, तीही उताणी! या कवचहीन जिवाची अंडी कोरड्या मातीत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे तग धरतात. अशा डबक्यांत सहसा मासे नसतात, हेच तिचे संरक्षण. मात्र पाणी आटण्याआधी वाढ, वीण सगळे उरकावे लागते. बेडूकमाशांचीही तीच घाई.

काठच्या ओल्या मातीत सीतेची आसवे फुलतात. निळ्या नाजूक फुलांवर जाऊ नये. ही वनस्पती चिखलातल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून पचवते.

सरकारी दप्तरात मात्र असे अनेक सडे ‘पडीक’ ठरतात. पावसाळ्यात गेलात, तर निदान डबक्यांतून गाडी घालू नका.