अंबाजोगाईच्या पाण्यातले मत्स्यालय

घरातील मत्स्यालय ही वरवर पाहता निव्वळ आवडीची बाब आहे. टाकी केवढी घ्यावी, तिच्यात काय मांडावे आणि मासे कोणते व किती सोडावेत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पाळणारा आपल्या मनाने देतो, आणि म्हणूनच एकाच गल्लीतील दोन घरांच्या टाक्या क्वचितच सारख्या दिसतात. परंतु बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या अंबाजोगाईसारख्या शहरात या तीन प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न उभा राहतो, तो पाण्याचा. टाकीत ओतायचे पाणी बोअरचे की नळाचे, ते दर आठवड्याला बदलायला पुरेल का आणि मे महिन्यात ते किती तापेल, यांवरच त्या तीन उत्तरांपैकी कोणते टिकणार हे बऱ्याच अंशी ठरते. दुकानातून आणलेल्या हौसेला अखेर या पाण्यातच जगावे लागते.

मासे जवळ बाळगून त्यांच्याकडे पाहत बसण्याची हौस या भूभागाला नवी नाही. मराठवाडा ज्यांच्या अमलाखाली होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून, त्यात माशांचे प्रकार, त्यांची वस्तीची ठिकाणे आणि त्यांना घालावयाचे खाद्य यांची माहिती येते. अर्थात तो विनोद गळ टाकून मासे पकडण्याचा होता. काचेआड मासे ठेवण्याची आजची पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एका भांड्यात एकत्र ठेवून दाखवले, की वनस्पती प्राणवायू पुरवतात व प्राण्यांच्या उत्सर्गावर त्या वाढतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय खुले झाले आणि मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मुंबईची सहल आणि तारापोरवाला हे समीकरण महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या मनात पक्के बसले, आणि अनेक घरांतील टाकीची पहिली कल्पना तिथूनच आली असावी.

आकाराविषयीच्या आवडीत दोन टोके दिसतात. एका टोकाला टीपॉयवर मावणारे गोल काचेचे भांडे असते आणि दुसऱ्या टोकाला बैठकीची एक भिंत व्यापणारी चार-पाच फुटांची टाकी. भांडे स्वस्त पडते, देखणे दिसते व हलवायला सोपे असते, म्हणून नवख्याचा ओढा तिकडे असतो. परंतु माशांच्या दृष्टीने हाच सर्वांत अवघड आकार होय. हवेतील प्राणवायू पाण्यात विरघळतो तो पृष्ठभागातून, आणि गोल भांडे गळ्यापर्यंत भरले की तो पृष्ठभाग नेमका आक्रसतो. शिवाय पाणी थोडे असल्याने त्याचे तापमान व रसायन तासाभरातही पालटू शकते. मोठी टाकी सांभाळायला कठीण, हा समज म्हणूनच उलटा आहे: पाणी जितके जास्त, तितका त्यातील बदल संथ आणि चूक सुधारायला सवड अधिक.

मोठेपणालाही मर्यादा आहेत आणि त्या हिशेबाने कळतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. त्यामुळे दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, तर चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टाकीत सुमारे २५५ लिटर. काच, दगड व स्टँड धरून ही दुसरी टाकी ३०० किलोंच्या पुढे जाते. सिमेंटच्या स्लॅबवर, भिंतीलगत ती निभावते, पण जुन्या वाड्यांच्या माडीवर, लाकडी तुळया आणि मातीचा थर असलेल्या माळवदावर असे वजन ठेवणे शहाणपणाचे नाही. पाण्याचा हिशेबही तसाच. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलण्याचा प्रघात धरला, तर लहान टाकीला एक बादली पुरते, मोठीला मात्र ६० लिटरांहून अधिक, म्हणजे चार घागरींच्या आसपास पाणी लागते. अंबाजोगाईला पाणी पुरवणारे धनेगाव येथील मांजरा धरण २०१६ च्या दुष्काळात कोरडे पडले होते आणि त्याच धरणावर अवलंबून असलेल्या लातूरला त्या वर्षी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना चार घागरींचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. टाकीतून काढलेले पाणी वाया जात नाही एवढा दिलासा आहे. त्यातील नायट्रेट हे वनस्पतींचे खत असल्याने ते कुंड्यांना आणि तुळशीला मानवते.

पाण्याचा गुणधर्म हा त्याहून खोल विषय आहे. मराठवाड्याचे भूजल बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसाच्या थंड झालेल्या काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपत येते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. अशा पाण्याला जड किंवा कठीण पाणी म्हणतात आणि त्याचा सामू, म्हणजे आम्लता-विम्लता मोजण्याचे माप, बहुधा ७ च्या वर असतो. टाकीतील पाणी उन्हाळ्यात झपाट्याने उडते, पण क्षार मागेच राहतात, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा बोअरचेच पाणी ओतत गेल्यास जडपणा महिन्यागणिक चढत जातो. काचेवर पाण्याच्या रेषेपाशी धरणारा पांढरा थर ही त्याचीच खूण. म्हणून नुसती भर घालणे आणि पाणी बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस सोडून गच्चीवरचे पाणी साठवले आणि ते बोअरच्या पाण्यात मिसळले, तर हा जडपणा विनाखर्च उतरतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक असते, तथापि जेथे नळ रोज येत नाही आणि पाणी उघड्या पिंपात भरून ठेवावे लागते, तेथे ते दिवसभरात बरेचसे आपोआप उडून जाते; टंचाईचा एवढा एक फायदा मानता येईल.

सर्वांत निर्णायक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या उत्सर्गातून आणि न खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. टाकीच्या फिल्टरमध्ये व गोट्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या साखळीला नायट्रोजन चक्र म्हणतात आणि ते नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि दहा-बारा मासे एकाच संध्याकाळी घरी आणले की पंधरवड्यात ते एकामागून एक मरतात, याचे कारण बहुतेक वेळा रोग नसून हे न बसलेले चक्र असते. वॉरिंग्टनने दाखवलेला समतोल खरा होता, पण तो सांभाळणारे जिवाणू त्याच्या चित्रात नव्हते. अंबाजोगाईपुरते यात आणखी एक कलम जोडावे लागते. अमोनियाचा जो अंश विषारी असतो तो सामू आणि तापमान या दोहोंबरोबर वाढतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ वरून ८ वर गेला, तर हा अंश सुमारे दहापट होतो. मऊ पाण्याच्या प्रदेशात ज्या टाकीत बारा मासे सुखाने राहतील, त्याच टाकीत येथील जड आणि तापलेल्या पाण्यात तेवढेच मासे ठेवणे जोखमीचे असते, आणि म्हणून दुकानदाराने सांगितलेल्या संख्येपेक्षा कमी मासे ठेवण्याची आवड येथे अंगी बाणवणे बरे.

उष्णतेचा दुसरा परिणाम प्राणवायूवर होतो. २५ अंशांच्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांना तो ७ च्या आसपास येतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगतची टाकी पूर्वेकडे हलवणे, झाकण काढून जाळी बसवणे, पृष्ठभागावर पंखा सोडणे आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप हाताशी ठेवणे एवढे केले तरी पुष्कळ साधते.

सजावटीत पाळणाऱ्याचा स्वभाव सर्वांत मोकळेपणाने प्रकट होतो. निळे-गुलाबी गोटे, प्लास्टिकची झाडे, उघडझाप करणारी खजिन्याची पेटी, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या आणि मागच्या काचेवर समुद्रतळाचे छापील चित्र ही मांडणी सर्वत्र आढळते. गोड्या पाण्यातील माशांच्या मागे प्रवाळ पाहून जाणकार नाक मुरडतात, पण माशांना त्याचे सुखदुःख नसते. त्यांना हवा असतो तो आडोसा, आणि तो प्लास्टिकच्या किल्ल्यानेही मिळतो. दुसऱ्या बाजूला नेदरलँड्समधील डच शैली आहे, ज्यात दगडांना जवळजवळ स्थान नसून वेगवेगळ्या रंगांच्या व उंचीच्या वनस्पतींच्या ओळी बागेसारख्या राखल्या जातात. जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी लोकप्रिय केलेल्या ‘नेचर अ‍ॅक्वेरियम’ शैलीत मोजके दगड, लाकूड आणि हिरवळ यांतून निसर्गदृश्याचा भास उभा केला जातो. तिसरी आहे बायोटोप शैली, म्हणजे एखाद्या विशिष्ट नदीतले किंवा तळ्यातले मासे, वनस्पती आणि दगड तेवढेच मांडायचे. अमानोंच्या धाटणीची टाकी देखणी खरी, परंतु प्रखर दिवे, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि मऊ पाणी या तिच्या मागण्या पाहता तिची नक्कल येथे महाग पडते, आणि बहुतेकदा काही महिन्यांत शेवाळ्याच्या स्वाधीन होते.

बालाघाटातील काळा बेसाल्ट मात्र या शैलीच्या दगडांना कोठेही हार जात नाही, आणि तो पाण्यात जवळजवळ काही सोडत नाही. त्याच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे कॅल्साइट भरलेले असते, ते मात्र विरघळून आधीच जड असलेल्या पाण्याला अधिक जड करते. लिंबाचा रस टाकल्यावर पांढरा भाग फसफसला तर तो दगड बाजूला ठेवावा. संगमरवराचे तुकडे आणि शंख-शिंपले याच कारणाने टाळावेत. वनस्पतींत व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला या जड पाण्यातही तग धरतात. कास पठारावरचा वायतुरा ही पाणवनस्पती असली आणि तिचा तुरा मोहात पाडणारा असला, तरी ती सह्याद्रीच्या मोजक्या पठारांपुरतीच उरलेली असल्याने तिला हात लावू नये.

माशांच्या निवडीत आवडीइतकाच समजुतींचा वाटा असतो. आठ लाल-सोनेरी मासे आणि एक काळा, असे नऊ मासे घरात भरभराट आणतात आणि काळा मासा घरावरची दृष्ट स्वतःवर घेतो, ही समजूत चिनी फेंगशुईतून येऊन येथील वास्तुविचारात मिसळली. श्रद्धेशी वाद घालण्याचे कारण नाही, पण हिशेब मांडायला हवा: सोनमासा पुरता वाढला की वीतभर होतो, नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो आणि इतर शोभिवंत माशांच्या मानाने फार घाण करतो. असे नऊ मासे दोन फुटांच्या टाकीत ठेवले तर काळ्या माशाच्या मरणाला दृष्ट नव्हे, अमोनिया कारण असतो. फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना यांच्याकडेही भाग्याचा मासा म्हणूनच पाहिले जाते. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात तयार झालेला संकर असून तो दुसरा मासा सहसा खपवून घेत नाही. सिल्व्हर अरोवाना तर तीन फुटांपर्यंत वाढतो. दुकानात बोटभर दिसणारे ऑस्कर आणि सकर हे मासेही फूटभर व त्याहून मोठे होतात. एकच मोठा, मालकाला ओळखणारा मासा बाळगण्याची आवड मुळीच वावगी नाही, फक्त तिची टाकी माशाच्या आजच्या नव्हे तर उद्याच्या लांबीवरून घ्यावी लागते.

ज्यांना हालचाल आणि रंगांची गर्दी भावते त्यांच्यासाठी मिश्र टाकी असते. तिच्यात स्वभाव जुळवावे लागतात: टायगर बार्ब हे एंजलचे लांब पर कुरतडतात, मोठा झालेला एंजल निऑन टेट्रा गिळतो, आणि दोन नर फायटर एकत्र ठेवता येत नाहीत. थव्याने राहणारे मासे सहापेक्षा कमी ठेवले तर ते बावरून कोपऱ्यात दडतात. निऑन टेट्रा आणि डिस्कस हे अ‍ॅमेझॉनच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. जड पाण्यात त्यांना जगवणे म्हणजे रोजची झुंज. केरळ-कर्नाटकातील ओढ्यांतला ‘मिस केरळ’ हा लाल पट्ट्याचा मासा, ज्याच्या प्रजातीला २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले, निसर्गात संकटग्रस्त आहे आणि त्याला थंड, वाहते पाणी लागते. याउलट गप्पी, मोली व प्लॅटी यांना जड पाणीच मानवते. गप्पीची मादी महिन्याकाठी वीस-तीस पिले सहज देते, म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवतात आणि वाढत्या संततीची सोय आधीच योजतात. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणलेला आणि आजही आरोग्य विभागाकडून हौदांत सोडला जाणारा हा मासा प्रतिष्ठेच्या उतरंडीत तळाशी मानला जातो, परंतु अंबाजोगाईच्या पाण्याला त्याच्याइतका जुळणारा दुसरा क्वचितच असेल.

त्याच्या बरोबरीने नाव घ्यावे असे मासे याच खोऱ्यात आहेत. बीड जिल्ह्यातच उगम पावणारी मांजरा पुढे गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या खोऱ्यात दोन काळ्या ठिपक्यांचा ‘पेथिया टिक्टो’, अंगावर एक गडद पट्टा मिरवणारा ‘रासबोरा’ आणि पारदर्शक शरीराचा काचमासा असे छोटे मासे आढळतात, जे येथील ऊन आणि क्षार पिढ्यान्‌पिढ्या सोसत आले आहेत. काचमाशाच्या अंगात सुईने रंग भरून त्याला भडक गुलाबी-हिरवा करून विकण्याची रीत बाजारात आढळते. तो रंग काही महिन्यांत विरतो आणि अनेक मासे त्याआधीच दगावतात, तेव्हा रंगवलेला मासा न घेणे हीच त्या धंद्याला मिळू शकणारी समज. नको झालेला किंवा टाकीत न मावणारा मासा तळ्यात, बारवेत वा नदीत सोडणे मात्र पुण्याचे काम नाही. टाकीतली शेवाळ खातो म्हणून आणला जाणारा सकर असाच पाण्यात सोडला गेला आणि उजनीच्या जलाशयात तो कोळ्यांच्या जाळ्यांत शिरून त्यांची जाळी फाडू लागला, कारण त्याचे अंग काटेरी कवचाचे असते आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते. असा मासा दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावा, आणि नवा घेण्याआधी तो किती लांब होतो हे विचारून घ्यावे.