वल्हेकऱ्यांचे आरमार

आपल्या केळशीहून किनाऱ्याने दक्षिणेस निघून आंजर्ले ओलांडले, की हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे. तेथील तट नि तोफा सर्वांस ठाऊक आहेत. आम्ही पडलो कामगार चळवळीतले; तेव्हा आमचा पहिला प्रश्न असा, की ही जहाजे हलवीत कोण होते?

मराठी आरमाराची मुख्य लढाऊ जहाजे दोन जातींची: गुराब आणि गलबत. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची. तिच्या नाळेवर तोफा. पण वारा पडला की ती जागच्या जागी उभी. मग चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते तिला दोराने ओढीत शत्रूच्या पिछाडीस नेत. शत्रूचे उंच जहाज शिडांवाचून पांगळे झालेले. त्याच्या डोलकाठ्या तोफांनी मोडल्या, की गलबतांतली माणसे तलवारी घेऊन वर चढत. म्हणजे सारा डाव कोळी-भंडाऱ्यांच्या दंडांवर होता.

प्राचीन ग्रीसमध्येही हेच. अथेन्सच्या तीन रांगांच्या युद्धनौकेवर 170 वल्हेकरी असत आणि नाळेवरच्या काशाच्या सोंडेने ते शत्रूची नौका फोडीत. त्या आरमारात 'पारालोस' ही मानाची नौका होती. परगावच्या उत्सवांना नगराचे प्रतिनिधी ती नेई, पण लढाईतही उतरे. तिच्यावरचे सारे वल्हेकरी स्वतंत्र नागरिक, आणि लोकशाहीचे कट्टर अभिमानी. इ. स. पूर्व 411 मध्ये मूठभर श्रीमंतांनी अथेन्सची सत्ता बळकावली, तेव्हा या मंडळींनी सामोस बेटावर तशाच कटाला विरोध केला होता. ती बातमी घेऊन ते अथेन्सला आले. नव्या धन्यांनी काहींना कैद केले, उरलेल्यांना दुसऱ्या नौकेवर घालून दूर पहाऱ्याला धाडले. (असल्या बदल्या आम्हांस परिचयाच्या आहेत!) पण सामोसच्या आरमाराने आपले संशयित सेनापती काढून नवे निवडले, आणि काही महिन्यांतच ती सत्ता कोसळली.

आमच्या दर्यावरचे निर्णय मात्र वल्हेकऱ्यांच्या हाती कधीच नव्हते. पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचे वैर विकोपाला गेले. 1755 साली पेशव्यांच्या संमतीने इंग्रज कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गच्या बंदरात एका जहाजाला तोफगोळ्याने आग लागली, ती पसरत गेली, आणि आंग्र्यांचे सारे आरमार नांगरलेल्या जागीच जळाले.