अमेरिकेतील 'टीजे' शाळा : गुणवत्ता मोजायची कशी?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनच्या जवळ, व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स काउंटीत 'थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी' ही सरकारी शाळा आहे. ती 'टीजे' या नावाने ओळखली जाते. विज्ञान आणि गणित यांना वाहिलेली ही शाळा १९८५ मध्ये सुरू झाली. येथे शिक्षणशुल्क नाही. मात्र नववीच्या वर्गात पाल्याला जागा मिळावी म्हणून अनेक पालक काही वर्षे आधीपासूनच तयारीला लागत. या जागा कोणाला द्याव्यात, हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. वाद घालणाऱ्यांत भारतीय वंशाचे पालकही होते.

शाळेचे आकर्षण तिच्या अभ्यासक्रमात आहे. नववीत जीवशास्त्र, इंग्रजी आणि तंत्रज्ञान हे विषय एकमेकांशी जोडून शिकविले जातात. अखेरच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन प्रकल्प करावा लागतो. त्यासाठी खगोलशास्त्रापासून सागरविज्ञानापर्यंत स्वतंत्र प्रयोगशाळा आहेत. येथील विद्यार्थ्यांनी तयार केलेला लघुउपग्रह नोव्हेंबर २०१३ मध्ये अवकाशात सोडण्यात आला. शालेय विद्यार्थ्यांनी बनविलेला तो पहिला उपग्रह मानला जातो.

२०२० पर्यंत प्रवेशासाठी लेखी परीक्षा द्यावी लागे आणि अर्जासोबत १०० डॉलर शुल्क भरावे लागे. परीक्षेची तयारी करून घेणारे शिकवणी वर्ग त्या भागात चांगलेच फोफावले होते. (आपल्याकडील वाचकांना हे चित्र अपरिचित वाटू नये.) २०२० च्या प्रवेशात ४८६ जणांना जागा देऊ करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के आशियाई वंशाचे होते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या दहाहूनही कमी होती. अल्प उत्पन्न गटातील मुलांचे प्रमाण तर एक टक्काही नव्हते.

त्याच वर्षी मे महिन्यात मिनियापोलिस येथे पोलिसांच्या कारवाईत जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि वांशिक विषमतेची चर्चा देशभर पेटली. तिची झळ टीजेपर्यंत पोहोचली. वर्षअखेरीस काउंटीच्या शिक्षण मंडळाने लेखी परीक्षा आणि शुल्क दोन्ही रद्द केले. जागा ५५० करण्यात आल्या. प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतील आठवीच्या पटसंख्येच्या दीड टक्का इतक्या जागा त्या शाळेच्या पात्र विद्यार्थ्यांसाठी ठेवण्यात आल्या. उरलेल्या सुमारे शंभर जागा सर्वांसाठी खुल्या राहिल्या. आठवीपर्यंतचे गुण, निबंध आणि घरची आर्थिक स्थिती यांसारख्या बाबी विचारात घेतल्या जाऊ लागल्या. मूल्यमापन करणाऱ्यांना अर्जदाराचे नाव किंवा वंश कळत नाही.

भारतातील जवाहर नवोदय विद्यालयांची व्यवस्था येथे आठवते. तेथे किमान ७५ टक्के जागा जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी असतात. पण निवड परीक्षा कायम आहे. टीजेने भौगोलिक वाटप स्वीकारले आणि परीक्षाच काढून टाकली. पालकांचा मुख्य आक्षेप तेथेच होता.

नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये, आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचा वाटा ५४ टक्क्यांवर आला. कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे ७ टक्के, तर लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांचा ११ टक्के झाला. अल्प उत्पन्न गटातील मुले एक चतुर्थांश झाली. मंडळाचा खरा हेतू आशियाई मुलांची संख्या घटविण्याचा आहे, असे सांगत पालकांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निर्णय फिरविला. आशियाई अर्जदारांच्या यशाचे प्रमाण अजूनही इतर कोणत्याही गटापेक्षा अधिक आहे, याकडे बहुमताने लक्ष वेधले. निकालपत्रातील एक आकडा फारसा चर्चिला गेला नाही : प्रवेश मिळालेल्या आशियाई वंशाच्याच गरीब मुलांची संख्या एका वर्षात १ वरून ५१ झाली होती. जुन्या परीक्षेने वगळलेल्यांत तीही होती.

तथापि, पालकांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. नियम ठाऊक असलेल्या स्पर्धेसाठी मुलाने तीन-चार वर्षे मेहनत करावी आणि ऐन वेळी स्पर्धेचे स्वरूपच बदलावे, हे कोणालाही अन्यायकारक वाटेल. शिवाय परीक्षेचा गुण दाखविता येतो, पडताळता येतो. निबंधाच्या मूल्यमापनाबाबत तशी खात्री देणे कठीण असते.

जून २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. त्यामुळे टीजे प्रकरणही न्यायालय हाती घेईल, अशी अनेकांची अपेक्षा होती. मात्र २० फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने सुनावणीस नकार दिला. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो आणि क्लॅरेन्स थॉमस यांनी त्याबद्दल असहमती नोंदविली. अपील न्यायालयाचा निकाल त्यामुळे कायम राहिला. त्यानंतर मे २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने याच प्रवेश धोरणाची नव्याने चौकशी सुरू केल्याचे जाहीर केले.